बेटावरचे घड्याळ

माझे आजोळ घारापुरीला आहे. उरण तालुक्यातले हे बेट तुम्ही सर्वांनी किनाऱ्यावरून पाहिले असेल. काहीजण सहलीला जाऊन लेणी, तीन मुखांची मोठी शिवमूर्ती आणि माकडेही बघून आले असतील. पण सहलीची माणसे सकाळी येतात आणि संध्याकाळच्या लाँचने परत जातात. रात्री तिथे राहायला त्यांना परवानगी नसते. म्हणून बेटावरची माणसे, जनावरे आणि पक्षी कसे राहतात, हे त्यांना कळत नाही. मी सुट्टीत तिथे राहते. तिथे मला समजले की बेटावर भिंतीवरच्या घड्याळापेक्षा पाण्याचे घड्याळ मोठे. त्या घड्याळाची माहिती मी या लेखात देत आहे.

घारापुरीत दोन टेकड्या आणि तीन गावे आहेत. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. (आपल्या उरणचे मोरा वेगळे आणि बेटावरचे मोराबंदर वेगळे.) बाजार, दवाखाना, सरकारी कचेरी यांच्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो. होडी कधी सुटणार हे भरती-ओहोटीवर ठरते. आपल्याकडेही तसेच आहे. मोरा बंदरात गाळ साचलेला आहे. मोठी ओहोटी लागली की भाऊच्या धक्क्याची लाँच काही तास बंद ठेवतात, हे आपल्या आईवडिलांनी पुष्कळदा अनुभवले असेल.

भरती का येते? गुरुजींनी विज्ञानाच्या तासाला सांगितले ते असे. चंद्र पृथ्वीवरचे पाणी आपल्याकडे ओढतो. चंद्राच्या समोरच्या बाजूला पाणी फुगते, तसेच बरोबर उलट बाजूलाही फुगते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून आपला किनारा दिवसातून दोनदा त्या फुगवट्यात येतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. आज दुपारी बारा वाजता आली तर उद्या पाऊण वाजून गेल्यावर.

अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एक होते. मग भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप लांब जाते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. त्याला भांग म्हणतात.

आता माझ्या आजीचा हिशोब सांगते. तो गणिताच्या पुस्तकात नाही, पण कोकणच्या किनाऱ्यावर पुष्कळ जुन्या माणसांना येतो. आजी म्हणते, “तिथी ठाव असली का भरतीची येल कलते.” तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. दिवसाही आणि रात्रीही.

द्वितीया असेल तर दोनची पाऊणपट दीड. म्हणून दीड वाजता भरती.
चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. तीन वाजता भरती.
अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता.

पूर्ण भरतीनंतर सहा तासांच्या थोडे पुढे पूर्ण ओहोटी. हा हिशोब अंदाजाचा आहे. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. आपण ४५ धरतो. म्हणून पौर्णिमेला पाऊणपट सव्वाअकरा येते, पण खरी भरती बाराच्या आसपास असते. तरी घरात कागद नसताना तोंडी करण्यासाठी यासारखा सोपा हिशोब नाही. हा हिशोब मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याला लागू पडतो. दुसऱ्या समुद्रावर वेळा वेगळ्या.

हा हिशोब नुसता गमतीचा नाही. एकदा सुट्टीत माझ्या मामाच्या लहान मुलाला संध्याकाळी जोराचा ताप भरला. अंग कापत होते. होडी मोराबंदरला चिखलात टेकलेली होती आणि पाणी लांब गेले होते. वद्य तृतीया होती. आजीने लगेच बोटे मोडली. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे रात्री सव्वादोनला पूर्ण भरती आणि सव्वाआठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अर्धी भरती झाली की होडी तरंगते. म्हणजे अकरा वाजून गेल्यावर. तोवर रडत बसून उपयोग नव्हता. मामीने बाळाच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, मामाने इंजिनात तेल भरून ठेवले, बॅटरी शोधली, पलीकडे रिक्षावाल्याला फोन केला. सव्वाअकराला होडी हलली. डॉक्टरांनी औषध दिले आणि बाळ तिसऱ्या दिवशी अंगणात खेळू लागले. पाण्याची वेळ माहीत नसती तर ते तीन तास नुसत्या घाबरण्यात गेले असते. त्या दिवसापासून मी पाऊणपटीचा पाढा पाठ केला.

माणसांप्रमाणे जनावरेही हे घड्याळ पाळतात. ओहोटी लागली की आजीच्या शेळ्या आपणहून किनाऱ्याकडे जातात. तिवराचा पाला त्यांना फार आवडतो. पाणी वर येऊ लागले की त्या न हाकता टेकडीकडे वळतात. कोंबड्या किनाऱ्यावर किडे टिपतात. चिखलात निवटे उड्या मारतात. निवटा हा मासाच, पण अंग ओले असेपर्यंत तो कातडीतून हवा घेतो, म्हणून पाण्याबाहेर राहू शकतो. भरती आली की तो आपल्या बिळात शिरतो. चिंबोऱ्याही बिळातून डोकावतात. बगळे एका पायावर उभे राहून त्यांची वाट बघतात. बायका टोपल्या घेऊन कालवे आणि खुबे काढायला जातात. जाताना एक डोळा चिखलावर आणि एक डोळा पाण्यावर ठेवावा लागतो. पाणी पाठीमागच्या चरातून गुपचूप भरते आणि परतीची वाट बंद करते. म्हणून पाणी फिरले की टोपली अर्धी असली तरी निघायचे, असा नियम आहे.

डोल जाळेसुद्धा या घड्याळावर चालते. ते खुंटांना बांधून ओढीच्या तोंडाला लावतात. पाण्याची ओढ मासळी आत ढकलते. ओढ संपायच्या आत जाळे उचलायचे, नाहीतर पाणी फिरल्यावर मासळी निघून जाते.

तिवरांचे उपकार मोठे आहेत. त्यांची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि हवा घेतात. त्या मुळांमध्ये माशांची पिल्ले लपून वाढतात. उधाणाच्या लाटांचा जोर तिवरे अडवतात.

माकडांची मात्र तऱ्हा निराळी. ती पाण्याचे नाही, लाँचचे घड्याळ पाळतात. पहिली लाँच धक्क्याला लागली की ती पायऱ्यांवर हजर होतात. माझी मामी तिथे काकडी आणि कैरी विकते. तिच्या हातात काठी असते, पण सहलीच्या लोकांच्या हातात वेफर्सची पिशवी असते, म्हणून माकडे त्यांच्याकडे जातात. सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी माकडे पुन्हा झाडपाला आणि चिंचा खातात. तेव्हा पाहुण्यांनी त्यांना खायला न दिलेलेच बरे.

आकाशही वेळ सांगते. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून दुपारी समुद्राकडून वारा येतो. तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे जमिनीकडून वारा सुटतो. तो मतलई वारा. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा मतलईवर बाहेर जायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे. जूनमध्ये नैर्ऋत्येकडून काळे ढग आले की होड्या वर ओढतात आणि घर शाकारतात. बेटावर नदी नाही. म्हणून पावसाचे पाणी बंधाऱ्यात आणि विहिरींत साठते, तेच वर्षभर जपून वापरावे लागते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून बेटावर वीज आली. त्याआधी संध्याकाळी काही तासच जनरेटर चालायचा, मग कंदील. आता रात्रभर अभ्यास करता येतो आणि मासळी बर्फात ठेवता येते. पण आजी अजून झोपण्यापूर्वी ओट्यावर येऊन चंद्र बघते. वीज आली तरी भरतीची वेळ बदलली नाही, असे ती म्हणते.

आता आपल्या नवी मुंबईबद्दल. नोव्हेंबरपासून मेपर्यंत ठाण्याच्या खाडीत हजारो फ्लेमिंगो येतात. त्यांना मराठीत रोहित म्हणतात. हे पक्षी चोच उलटी करून चिखलातले बारीक शेवाळ आणि जीव गाळून खातात. त्या खाण्यामुळेच त्यांना गुलाबी रंग येतो. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात. भरती आली की चिखल बुडतो. मग ते उडून नेरूळच्या बाजूच्या उथळ तळ्यांत उतरतात आणि ओहोटीला परत जातात. म्हणजे तेही आजीच्या घड्याळावर चालतात! २०१५ साली ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ साली ती जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली.

पण नुसते नाव देऊन भागत नाही. २०२४ साली नेरूळच्या एका तळ्यात खाडीचे पाणी येण्याची वाट बंद झाली. तळे सुकले आणि काही फ्लेमिंगो मेले. त्या वेळी वर्तमानपत्रांत ही बातमी आली होती. भरतीच्या वेळी पक्ष्यांना उतरायला जागा उरली नाही तर ते जाणार कुठे? पाण्याची वाट अडवली की घड्याळ बंद पडते. मग पक्षी, निवटे, चिंबोऱ्या आणि आपली डोलही रिकामी राहते. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की आपल्या गावाच्या खाजणात मातीचा भराव किंवा प्लास्टिक टाकू देऊ नका. पाण्याचे चर मोकळे ठेवा.

मित्रमैत्रिणींनो, शेवटी तुम्हाला एक गृहपाठ देते. घरच्या कालनिर्णयात आजची तिथी बघा. तिची पाऊणपट करा आणि उत्तर या कागदाखालच्या कोऱ्या जागेत लिहा. मग वडीलमाणसांबरोबर बंदरावर जाऊन पाणी खरोखर किती वाजता पूर्ण चढले ते बघा आणि तेही शेजारी लिहा. पंधरा दिवसांनी आपण सर्वांचे आकडे जुळवू. ज्याचे आकडे जुळणार नाहीत त्याने माझ्या आजीला विचारायला घारापुरीला यावे. मात्र येण्यापूर्वी भरतीची वेळ काढून यावे.