सौम्य स्तनशैथिल्य : उन्नयन की रोपण? निर्णयप्रक्रियेचे वैद्यकीय व कायदेशीर विवेचन

प्रस्तावना :

सौंदर्यशल्यचिकित्सा ही आता केवळ चित्रपटसृष्टीपुरती मर्यादित बाब राहिलेली नाही. महानगरांतील आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्याही नोकरदार व गृहिणी स्त्रिया तिच्याविषयी विचारणा करू लागल्या आहेत. मात्र मराठीत या विषयाची चर्चा बहुधा दोनच रूपांत आढळते. एक कुजबुजीच्या आणि दुसरे जाहिरातीच्या. कुजबुजीतून अपुरी माहिती मिळते, तर जाहिरातीतून सोयीची. या दोहोंच्या मध्ये शास्त्रीय माहितीची जागा रिकामीच राहते.

प्रस्तुत लेखात या विषयातील एका मर्यादित प्रश्नाचा परामर्श घेतला आहे. बाळंतपणानंतर, वजन घटल्यानंतर किंवा वयोमानानुसार स्तनांना थोडेसे शैथिल्य आले असता शस्त्रक्रियेचे दोन प्रमुख पर्याय पुढे येतात. पहिला म्हणजे ओघळलेला भाग वर उचलून बसविणे. वैद्यकात याला मॅस्टोपेक्सी आणि व्यवहारात ब्रेस्ट लिफ्ट म्हणतात. येथे त्यासाठी ‘उन्नयन’ हा शब्द योजला आहे. दुसरा म्हणजे स्तनामागे सिलिकॉनचे कृत्रिम इम्प्लांट बसविणे, म्हणजेच ‘रोपण’. हे दोन्ही उपाय एकाच दुखण्यावरचे आहेत, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते दोन भिन्न तक्रारींवरचे उपाय असून चुकीच्या निवडीची किंमत स्त्रीला पुढे अनेक वर्षे मोजावी लागते. ती कशी, हे स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

शैथिल्याची कारणे :

स्तन हा मुख्यतः दुग्धग्रंथी, मेद आणि त्यांना सावरून धरणारे तंतुमय बंध यांचा बनलेला असतो. हे बंध त्वचेपासून खोलवरच्या पटलापर्यंत जातात. इंग्लंडमधील शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांनी १८४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्तनरचनेचे विस्तृत वर्णन केले. त्यावरून हे बंध आजही कूपर यांच्याच नावाने ओळखले जातात. स्तनात स्वतःचा असा उचलणारा स्नायू नसतो. छातीचा स्नायू त्याच्या मागे असतो. त्यामुळे व्यायामाने तो स्नायू बळकट झाला, तरी पुढील ग्रंथी व त्वचा वर उचलली जात नाही. तेले व मलमे यांच्याबाबतही हेच म्हणावे लागते, कारण एकदा ताणलेले बंध बाहेरून चोळल्याने आखडत नाहीत.

अंगावर पाजल्याने स्तन ओघळतात, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे आणि तिच्यापायी काही माता स्तनपानाबाबत कचरतात. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठातील प्लॅस्टिक सर्जन ब्रायन रिंकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र स्तनपान हे शैथिल्याचे स्वतंत्र कारण म्हणून आढळले नाही. वय, शरीराचे वजन, गर्भारपणांची संख्या, गर्भारपणापूर्वीचा स्तनांचा मोठा आकार आणि धूम्रपान या घटकांचा संबंध त्यात दिसून आला. म्हणजेच बदल घडतो तो मुख्यतः गर्भारपणातील वाढ व नंतरची घट यांमुळे. बाळाला पाजल्यामुळे नव्हे.

शैथिल्याची प्रतवारी :

निर्णयाची पहिली पायरी म्हणजे मोजमाप. कॅनडातील शल्यविशारद पॉला रेनो यांनी १९७६ मध्ये मांडलेली प्रतवारी आजही जगभर वापरली जाते. स्त्री उभी असताना स्तनाग्राची पातळी आणि स्तनाखालची घडी यांची तुलना करणे, हे या प्रतवारीचे सूत्र आहे. स्तनाग्र घडीच्या पातळीवर किंवा फार तर सुमारे १ सें.मी. खाली असल्यास शैथिल्य सौम्य मानले जाते. ते घडीच्या खाली उतरले, परंतु स्तनाच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा वर राहिले, तर शैथिल्य मध्यम होय. ते खालच्या कडेलाच पोहोचून जमिनीकडे वळले, तर शैथिल्य तीव्र समजावे.

यांखेरीज रेनो यांनी आणखी एक अवस्था वेगळी दाखविली. तिला आभासी शैथिल्य म्हणता येईल. या अवस्थेत स्तनाग्र आपल्या जागी, म्हणजे घडीच्या वर किंवा घडीच्या पातळीवर असते. पण ग्रंथीचा भार खाली सरकून वरचा भाग रिता दिसतो. आरशात सौम्य शैथिल्य आणि आभासी शैथिल्य जवळजवळ सारखेच भासतात. उपायांची गल्लत प्रामुख्याने येथेच होते. म्हणून केवळ छायाचित्रावरून किंवा दूरध्वनीवरील सल्ल्यावरून या बाबतीत निर्णय घेता येत नाही. प्रत्यक्ष तपासणी व मोजमाप अपरिहार्य ठरते.

उन्नयन : लाभ व मर्यादा

उन्नयनात जादा त्वचा काढून टाकली जाते, ग्रंथीला नवा आकार दिला जातो आणि स्तनाग्र त्याचा रक्तपुरवठा कायम ठेवून वर बसविले जाते. सौम्य शैथिल्यात पुष्कळदा स्तनाग्राभोवतालच्या गडद वलयाच्या कडेने घेतलेला छेद पुरतो. शैथिल्य अधिक असल्यास वलयापासून खाली घडीपर्यंत उभा छेद, आणि त्याहून अधिक असल्यास घडीलगत आडवा छेदही घ्यावा लागतो. वलयाच्या कडेचा छेद सर्वांत लहान असला, तरी तो निर्दोष नव्हे. त्याच्याकडून अधिक काम करून घेतल्यास वलय पसरते, व्रण रुंदावतो आणि स्तनाचा पुढचा भाग चपटा दिसू लागतो.

उन्नयनाने जागा बदलते, आकारमान वाढत नाही. उलट स्तन किंचित लहान दिसू शकतात. वरच्या भागाचा भरीवपणा त्याने टिकाऊ स्वरूपात परत येत नाही. व्रण कायमचा राहतो. तो साधारण वर्षभरात फिका पडतो, परंतु सावळ्या वर्णाच्या त्वचेत जाड, उंचावलेला व्रण किंवा किलॉइड होण्याचा संभव अधिक असतो. भारतीय स्त्रीने याचा विचार आवर्जून केला पाहिजे. स्तनाग्राची संवेदना व पुढे स्तनपान करण्याची क्षमता यांवरही परिणाम होऊ शकतो. धूम्रपान किंवा तंबाखूसेवन करणाऱ्यांत निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावून जखम भरण्यास अडथळा येतो. शिवाय गुरुत्वाकर्षण व वय यांचे कार्य शस्त्रक्रियेनंतरही चालूच राहते. असे असले, तरी उन्नयनाचा एक मोठा लाभ नमूद केला पाहिजे. शरीरात कोणतीही परकी वस्तू राहत नसल्यामुळे आयुष्यभर तिची देखरेख करावी लागत नाही.

रोपण : लाभ व मर्यादा

आधुनिक सिलिकॉन रोपणाचा आरंभ १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या शल्यविशारदांनी केला. रोपण स्तनाला आकारमान देते. स्तनाग्र जागेवर असून स्तन केवळ रिता झाला असेल आणि त्वचेत पुरेशी लवचीकता असेल, तर रोपणाने वरचा भाग भरून येतो व थोडासा उचलल्याचा परिणामही साधतो. छेद लहान असून तो घडीत लपविता येतो. उन्नयनाच्या व्रणाला भिणाऱ्या स्त्रियांना रोपणाचे आकर्षण वाटते, ते यामुळेच.

परंतु स्तनाग्र खरोखरच खाली उतरलेले असेल, तर रोपणाने ते वर जात नाही. इम्प्लांट छातीवर उंच राहते आणि मूळ ग्रंथी त्याच्या पुढून खाली ओघळते. परिणामी एकावर एक असे दोन उंचवटे दिसू लागतात. हा दोष झाकण्यासाठी आणखी मोठे इम्प्लांट निवडले, तर वाढीव भाराने आधीच सैल झालेली त्वचा अधिकच ताणते. अशा रीतीने आज टाळलेला व्रण काही वर्षांनी अधिक लांबीचा होऊन समोर येतो.

रोपणाचा इतिहासही बोधप्रद आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये सौंदर्यासाठीच्या सिलिकॉन जेल रोपणावर निर्बंध घातले आणि २००६ मध्ये दोन कंपन्यांच्या इम्प्लांटना मान्यता दिली. ही मान्यता देताना सौंदर्यासाठीच्या सिलिकॉन रोपणास वयाची किमान २२ वर्षे ही अट ठेवण्यात आली. फ्रान्समधील पॉली इम्प्लांट प्रोथेस या कंपनीने मान्यता नसलेले औद्योगिक सिलिकॉन वापरल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले आणि २०१३ मध्ये तिच्या संस्थापकास मार्से येथील न्यायालयाने कारावासाची शिक्षा सुनावली. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी निगडित असा लसिकापेशींचा एक दुर्मीळ कर्करोग लक्षात आल्यावर २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीची तशी उत्पादने जागतिक बाजारातून मागे घेतली गेली. २०२१ मध्ये अमेरिकी प्रशासनाने इम्प्लांटवर ठळक चौकटीतील इशारा आणि रुग्णाने वाचून स्वाक्षरी करावयाची निर्णयसूची बंधनकारक केली.

या सर्वांतून निष्पन्न होणारी मुख्य बाब अशी, की इम्प्लांट ही आयुष्यभर टिकणारी वस्तू नव्हे. त्याच प्रशासनाने २०११ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, सौंदर्यासाठी सिलिकॉन रोपण केलेल्या दर पाचांपैकी एका स्त्रीला दहा वर्षांच्या आत ते काढून टाकावे लागू शकते. इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण निर्माण करते, ते आकसून स्तन कठीण व वेदनामय होऊ शकतो. सिलिकॉनचे कवच फुटले, तरी बाहेरून काहीही जाणवत नाही, असेही घडते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. करावा, अशी शिफारस आहे. इम्प्लांट असल्याचे मॅमोग्राफी करणाऱ्या तंत्रज्ञालाही सांगावे लागते. पहिल्या शस्त्रक्रियेच्या खर्चात या तपासण्या आणि पुढील संभाव्य शस्त्रक्रिया यांचा खर्च धरलेला नसतो. भारतातील आरोग्यविमा सामान्यतः सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

निर्णयाची सूत्रे :

वरील विवेचनावरून काही सूत्रे मांडता येतात. आधार देणारे अंतर्वस्त्र घातल्यावर आकारमान पुरेसे वाटत असेल आणि तक्रार केवळ ते काढल्यानंतरच्या स्थितीची असेल, तर कमतरता जागेची आहे. तेथे उन्नयनाचा विचार प्रशस्त ठरतो. अंतर्वस्त्र घातल्यावरही वरचा भाग रिता राहत असेल आणि स्तनाग्र मात्र घडीच्या वर असेल, तर कमतरता आकारमानाची आहे. तेथे रोपण पुरे पडू शकते. दोन्ही तक्रारी एकत्र असतील, तर दोन्ही शस्त्रक्रियांचा प्रश्न उद्भवतो. परंतु उन्नयन त्वचेला आवळते आणि रोपण तिला आतून ताणते. या परस्परविरोधी ओढीमुळे एकत्रित शस्त्रक्रिया अधिक जोखमीची समजली जाते आणि काही शल्यविशारद ती काही महिन्यांच्या अंतराने दोन टप्प्यांत करणे पसंत करतात. थोडाच भरीवपणा हवा असल्यास स्वतःच्या शरीरातील मेद काढून तो स्तनात भरण्याचाही पर्याय असतो. मात्र त्यातील काही मेद शरीर शोषून घेते.

वेळेचे सूत्रही तितकेच महत्त्वाचे आहे. पुढे अपत्य हवे असेल, वजन स्थिर नसेल किंवा स्तनपान नुकतेच थांबले असेल, तर थांबणे शहाणपणाचे ठरते, कारण पुढील गर्भारपण झालेली सुधारणा पुसून टाकू शकते. शस्त्रक्रिया न करणे हाही एक पूर्ण पर्याय आहे. सौम्य शैथिल्य हा आजार नव्हे. त्यामुळे आयुर्मान घटत नाही, कर्करोगाचा धोका वाढत नाही. स्तनांत गाठ, स्राव किंवा त्वचेत ओढ दिसल्यास मात्र तो सौंदर्याचा प्रश्न न मानता तातडीने तपासणी करून घ्यावी.

संमतीचा प्रश्न :

या निर्णयाला कायद्याचीही बाजू आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. पुढे जानेवारी २००८ मधील एका निर्णयात रुग्णाच्या संमतीचे स्वरूप स्पष्ट करण्यात आले. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, उपलब्ध पर्याय आणि महत्त्वाचे धोके सांगितल्यानंतर दिलेली संमतीच खरी संमती होय, असे या निर्णयाचे सार आहे. एका उपचारासाठी दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही. जीव वाचविण्याची निकड हाच त्याला अपवाद, हेही त्यात नमूद आहे.

प्रस्तुत विषयात या तत्त्वाचे मोल मोठे आहे. रोपणासाठी आलेल्या स्त्रीला उन्नयनाचा पर्याय सांगितलाच गेला नाही, तर तिची स्वाक्षरी असूनही संमती अपुरी राहते. तसेच भूल दिल्यानंतर ‘उन्नयनही करावे लागेल’ असे शल्यविशारदास वाटले, तरी पूर्वसंमतीशिवाय तो नवा छेद घेऊ शकत नाही. म्हणून ही चर्चा आधीच व्हावी आणि संमतीपत्र रुग्णास समजणाऱ्या भाषेत असावे, ही अपेक्षा रास्त ठरते. एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. या पदव्या असलेल्या प्लॅस्टिक सर्जनकडून, शक्य तर दोघांकडून, स्वतंत्र मत घ्यावे. दोघांच्या मोजमापात तफावत आढळल्यास तिचे कारण विचारण्याचा रुग्णास पूर्ण अधिकार आहे.

समारोप :

सारांश, सौम्य स्तनशैथिल्यात ‘उन्नयन की रोपण?’ हा दुसरा प्रश्न आहे. ‘उणीव जागेची की आकारमानाची?’ हा पहिला. पहिल्याचे उत्तर मोजमापाने मिळते, पसंतीने नव्हे. व्रण नको म्हणून रोपण पत्करणारी स्त्री देखरेखीची दीर्घकालीन बांधिलकी पत्करीत असते. परकी वस्तू नको म्हणून उन्नयन स्वीकारणारी स्त्री कायमचा व्रण स्वीकारीत असते. यांपैकी काय पत्करावे, की काहीच पत्करू नये, हे ठरविण्याचा अधिकार तिचाच आहे. पती, आप्त, जाहिरातदार वा चिकित्सक यांपैकी कोणीही तो तिच्या वतीने बजावू शकत नाही. मात्र हा अधिकार सार्थपणे बजावता यावा, यासाठी तिच्यापुढे तिच्या भाषेतील संपूर्ण माहिती असणे आवश्यक आहे. महाविद्यालयांतील आरोग्यविषयक व्याख्याने व महिला विकास कक्षांचे उपक्रम यांतून हा विषय संकोच न बाळगता मांडला गेल्यास कुजबुज आणि जाहिरात यांच्यामधील ही रिकामी जागा काही अंशी तरी भरून निघेल.