दिवे चालू असूनही विमानं हवेत धडकतात कशी? जाणून घ्या विमानाच्या दिव्यांची भाषा

रात्री घाटकोपर किंवा कुर्ल्यातल्या एखाद्या गच्चीवर उभं राहा आणि पूर्वेकडे बघा. आकाशात एकामागोमाग एक दिवे टांगल्यासारखे दिसतात. थोड्या वेळाने त्यातला सगळ्यात पुढचा दिवा घरघरत डोक्यावरून जातो आणि कळतं, हे तर मुंबईत उतरणारं विमान होतं.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? तो दिवा बराच वेळ हललाच नव्हता. एकाच जागी थांबून फक्त हळूहळू मोठा होत होता.

गच्चीवरून ही गंमत वाटते. कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसासाठी मात्र न हलणारा दिवा हा सगळ्यात धोकादायक दिवा असतो. तो का, हे समजून घ्यायचं तर आधी विमानावर कोणते दिवे असतात आणि ते काय सांगतात, हे पाहावं लागेल.

लाल, हिरवा आणि पांढरा

विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा आणि मागच्या बाजूला पांढरा. डावं-उजवं हे वैमानिकाच्या बाजूने. ही पद्धत विमानांनी जहाजांकडून घेतली. लाल आणि हिरवा दिवा प्रत्येकी ११० अंशांत दिसतो, मागचे उरलेले १४० अंश पांढऱ्या दिव्याचे. म्हणजे तुम्ही कुठूनही बघा, विमानाचं तोंड कुठे आहे याचा अंदाज दिव्याच्या रंगावरून येतो.

समजा, अंधारात तुम्ही विमान चालवताय. समोर फक्त पांढरा दिवा दिसतोय, तर ते विमान तुमच्यापासून दूर चाललंय. लाल आणि हिरवा दोन्ही दिसतायत, तर ते थेट तुमच्याकडे येतंय. अशा वेळी दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं असा नियम आहे.

उजवीकडून एखादं विमान तुमच्या वाटेत आडवं येत असेल, तर तुम्हाला त्याची डावी बाजू, म्हणजे लाल दिवा दिसतो. नियमानुसार उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. म्हणजे लाल दिसला की वाट तुम्ही सोडायची. डावीकडून येणाऱ्याचा हिरवा दिवा दिसतो, तेव्हा आधी जायचा हक्क तुमचा. चौकातल्या सिग्नलसारखंच आहे हे, फक्त इथे सिग्नल समोरच्या विमानावरच लावलेला असतो.

याशिवाय विमानाच्या पोटावर आणि पाठीवर लाल लुकलुकणारा बीकन असतो. इंजिन सुरू करण्याआधीच तो लावतात, म्हणजे खाली काम करणारे कर्मचारी सावध होतात. आणि पंखांच्या टोकांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे चमकणारे पांढरे स्ट्रोब असतात. आपल्या डोळ्याच्या कडेला बारकावे दिसत नाहीत, पण लुकलुकणारी गोष्ट पटकन जाणवते. टक्कर टाळण्यासाठीचे हे दिवे मिनिटाला ४० ते १०० वेळा लुकलुकतात, ते यासाठीच.

मग भर दिवसा हेडलाइट कशाला?

विमानाचे सगळ्यात प्रखर दिवे म्हणजे लँडिंग लाइट. नावावरून वाटतं की हे धावपट्टी दिसावी म्हणून असतील. ते खरंच आहे, पण अर्धंच. १० हजार फुटांखाली असताना बहुतेक वैमानिक हे दिवे भर उन्हातही चालू ठेवतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेने तर यासाठी वैमानिकांना आवाहन करणारा 'ऑपरेशन लाइट्स ऑन' नावाचा ऐच्छिक कार्यक्रमच आखला आहे. विमानतळाजवळ, धुरकट हवेत आणि पक्षी असतील तिथे दिवे लावाच, असा त्याचा आग्रह आहे.

कारण समोरून येणारं विमान दिसतं फारच छोटं. पातळ पंख आणि मधोमध एक ठिपका. धुरकट आकाशात तो ठिपका हरवतो, पण त्याच्या जागी प्रखर दिवा असेल तर नजर तिथे थांबते.

आणि वेळ किती असतो? समोर काहीतरी दिसणं, ते विमान आहे हे ओळखणं, आपण धडकणार आहोत हे कळणं, काय करायचं ते ठरवणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं, या सगळ्याला मिळून साधारण साडेबारा सेकंद लागतात, असं अमेरिकेतल्या वैमानिकांना शिकवलं जातं. १० हजार फुटांखाली वेगाची मर्यादा साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर असते. त्या वेगाने दोन विमानं समोरासमोर येत असतील तर साडेबारा सेकंदांत त्यांच्यातलं तीन किलोमीटरहून जास्त अंतर संपतं.

न हलणारा दिवा

आता पुन्हा गच्चीवरच्या दिव्याकडे येऊ. दोन रस्त्यांवरून दोन गाड्या एकाच चौकाकडे येतायत. दोघींचा वेग कायम आहे आणि त्या धडकणार आहेत. अशा वेळी एका ड्रायव्हरला दुसरी गाडी काचेत सतत एकाच जागी दिसते. ती पुढे किंवा मागे सरकली, तर टक्कर होणार नाही.

आकाशातही हेच होतं. जो दिवा काचेत सरकतोय, तो बाजूने निघून जाणार. जो एकाच जागी आहे, तो तुमच्यावर येतोय. गोची अशी की माणसाचा डोळा हलणाऱ्या गोष्टीच आधी टिपतो. खाली शहराचे हजारो स्थिर दिवे असतील, तर त्यात हा आणखी एक स्थिर दिवा सहज मिसळून जातो. शेवटच्या काही सेकंदांत तो एकदम मोठा होतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

वॉशिंग्टनमध्ये काय झालं?

२९ जानेवारी २०२५ ची रात्र. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर एक प्रवासी विमान उतरत होतं. त्याच वेळी लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवरून चाललं होतं. आकाश निरभ्र होतं. टकरीच्या सुमारे दोन मिनिटं आधी कंट्रोल टॉवरने हेलिकॉप्टरला विमानाची माहिती दिली. विमान दिसतंय, आम्ही नजरेने अंतर राखतो, असं उत्तर आलं. टकरीच्या साधारण २० सेकंद आधी टॉवरने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

सुमारे ३०० फुटांवर दोघांची टक्कर झाली. विमानातले ६४ आणि हेलिकॉप्टरमधले ३, असे सगळे ६७ जण गेले. त्या रात्रीच्या व्हिडिओंमध्ये विमानाचे दिवे स्पष्ट दिसतात.

मग ते हेलिकॉप्टरमधून का दिसले नाहीत? मागे शहराचे दिवे होते आणि विमानतळाकडे येणारी दुसरी विमानंही होती. 'दिसतंय' असं म्हणताना हेलिकॉप्टरमधल्यांची नजर नेमक्या कोणत्या दिव्यावर होती, हाच खरा प्रश्न आहे. त्यांनी रात्री बघण्याचे गॉगल घातले असावेत, असं तपास यंत्रणेने सांगितलं. अशा गॉगलमधून नजरेचा आवाका कमी होतो आणि सगळं एकाच रंगात दिसतं. म्हणजे लाल-हिरव्याची सगळी भाषाच पुसली जाते.

दिवा हरतो तिथे काय?

ढगात तर दिव्यांचा उपयोग जवळपास संपतोच. उलट स्ट्रोबचा प्रकाश ढगावरून परत डोळ्यांवर येत असेल, तर वैमानिक तो बंद करू शकतात. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली आणि ३४९ लोक गेले. कझाक विमानाने १५ हजार फुटांवर राहायचं होतं, पण ते खाली सौदी विमानाच्या १४ हजार फुटांच्या पातळीवर आलं. हवेत टक्कर होऊन इतकी माणसं जाण्याची ही जगातली सगळ्यात मोठी घटना आहे.

त्यानंतर भारताने प्रवासी विमानांवर टीकॅस नावाची यंत्रणा सक्तीची केली. दोन विमानांमधली ही यंत्रं एकमेकांशी बोलतात आणि एका वैमानिकाला वर जा, दुसऱ्याला खाली जा असं सांगतात. त्यांना ढग आडवे येत नाहीत. पण जमिनीपासून साधारण हजार फुटांखाली हा आदेश बंद असतो, कारण तिथे 'खाली जा' म्हणणं जीवघेणं ठरेल. वॉशिंग्टनच्या विमानात टीकॅसने जवळ दुसरं यान असल्याचा इशारा दिला होता, पण वळायचं कुठे ते सांगितलं नाही. उंचीच तितकी कमी होती.

विमानतळाजवळ, जिथे गर्दी सगळ्यात जास्त असते, तिथेच यंत्राचा हात आखडतो. म्हणून धावपट्ट्यांचं आणि हेलिकॉप्टरच्या वाटांचं नियोजनच असं लागतं, की 'मला दिसतंय' या एका वाक्यावर कुणाचा जीव टांगलेला राहू नये. दिवे तर लावायलाच हवेत. पण दिवा फक्त दिसू शकतो, तो कुणाचा आहे हे ओळखण्याचं काम शेवटी माणसाच्या डोळ्यावरच येतं. आणि डोळा चुकतो.