भिंतीवरील स्विचची कव्हर प्लेट : जोडणीच्या पद्धतींचा मागोवा

घरातील विजेच्या स्विचवर बसणारी कव्हर प्लेट तारांची टोके आणि वीज वाहणारे धातूचे भाग माणसाच्या बोटांपासून दूर ठेवते, स्विचसाठी भिंतीत केलेल्या खाचेच्या ओबडधोबड कडा झाकते आणि आत कधी ठिणगी पडलीच तर तिला बाहेर येऊ देत नाही. ही प्लेट कशाला जोडायची आणि कशाने जोडायची, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाची उत्तरे गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत अनेकदा बदलली. ती उत्तरे ओळीने तपासली असता असे दिसते की प्रत्येक खऱ्या सुधारणेने प्लेटच्या अंगावरचा एखादा भार काढून तो अधिक योग्य अशा दुसऱ्या भागाकडे सोपवला; जेथे असे झाले नाही, तेथे साहित्य कितीही चांगले वापरले तरी प्लेट सैल होणे, तडकणे किंवा भिंतीपासून सुटणे थांबले नाही.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये झटकन उघडणारा स्विच तयार केला, तेव्हा त्यांच्यासमोरचा प्रश्न झाकणाचा नव्हता. संपर्काची टोके सावकाश दूर गेली की त्यांच्यात विजेची ज्योत टिकून राहते आणि टोके जळतात, म्हणून स्प्रिंगच्या जोराने ती एकदम वेगळी करणे हा त्यांच्या रचनेचा गाभा होता. त्यानंतरच्या काळात घरोघरी बसलेले गोल टंबलर स्विच भिंतीच्या पृष्ठभागावरच असत : चिनी मातीची बैठक, तिच्यावर पितळी संपर्क आणि वरून घुमटाच्या आकाराचे पितळी झाकण. हे झाकण दांडीभोवतीच्या आटे असलेल्या कड्यावर फिरवून घट्ट केले जाई. म्हणजे ज्या भागाला दिवसातून अनेकदा हाताचा धक्का बसे त्याच्याच गळ्याशी झाकणाची सारी पकड एकवटलेली असे, आणि कडे थोडे सैल झाले की झाकण खडखडू लागे. झाकण धातूचे असल्यामुळे आतील एखादी तार त्याला टेकली तर धोकाही उघड होता. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये शोधलेल्या बेकलाइटमुळे, म्हणजे उष्णतेने कायमचे कडक होणाऱ्या व वीज न वाहणाऱ्या कृत्रिम राळेमुळे, हा दुसरा दोष पुढे दूर झाला. पहिला मात्र रचनेचाच असल्याने नव्या पदार्थाने तो जाण्यासारखा नव्हता.

मुंबईत १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून शहराला वीज मिळू लागली. त्या पिढीच्या इमारतींत तारा लाकडी केसिंग-कॅपिंगमधून, म्हणजे खाचा पाडलेल्या पट्टीत ठेवून वर दुसरी पट्टी ठोकून नेत; पुढे सागवानी बॅटनवर क्लिपांनी बसवलेल्या तारांची पद्धत रूढ झाली. या दोन्ही पद्धतींत स्विच गोल लाकडी ब्लॉकवर आणि ब्लॉक भिंतीत ठोकलेल्या लाकडी गट्टीवर बसे. गट्टी पावसाळ्यात ओलावा धरून फुगे आणि उन्हाळ्यात आकसे, त्यामुळे स्क्रूची पकड वर्षागणिक कमी होत जाई. स्विच भिंतीतून हलू लागण्याचे मूळ झाकणात शोधले जाई, पण ते बहुधा या गट्टीत असे. १९११ च्या सुमारास जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी इंग्लंडमध्ये रॉलप्लग आणला आणि १९५८ मध्ये जर्मनीत आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा, स्क्रू आत जाताना फुगून भोकाच्या कडांना घट्ट धरणारा प्लग तयार केला. या दोन वस्तू स्विचच्या इतिहासात सहसा मोजल्या जात नाहीत. झाकणाच्या स्थैर्यावर मात्र त्यांचा परिणाम अनेक देखण्या प्लेटांपेक्षा मोठा आहे.

स्विच भिंतीच्या आत गेला आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. अमेरिकेत जी पद्धत स्थिरावली तिच्यात भिंतीत आधी डबा बसतो, स्विच ज्या धातूच्या पट्टीवर जडलेला असतो ती पट्टी डब्याला दोन स्क्रूंनी जोडली जाते, आणि कव्हर प्लेट डब्याला किंवा भिंतीला न जोडता त्या पट्टीलाच आणखी दोन स्क्रूंनी जोडली जाते. या रचनेत स्विच दाबण्याचा जोर पट्टीमार्गे डब्याकडे जातो आणि प्लेटला तो सोसावा लागत नाही. दांडीच्या स्विचसाठी प्लेटच्या दोन स्क्रूंमधील अंतर ६०.३ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंचांहून किंचित जास्त, असे ठरून गेले. स्क्रू ६-३२ मापाचा, म्हणजे सुमारे साडेतीन मिलिमीटर जाडीचा आणि इंचाला ३२ आटे असलेला, ठरला. जुन्या घरातील दांडीच्या स्विचवर तिथे आज विकत आणलेली प्लेट बसते, ती या दोन मापांमुळे.

तरीही या पद्धतीत प्लेट आपल्या वाट्याच्या ताणातून पूर्णपणे सुटली नव्हती. डबा भिंतीच्या पृष्ठभागापेक्षा थोडा आत किंवा तिरका बसला की प्लेटच्या कडा भिंतीला टेकत, मध्यभाग अधांतरी राही, आणि कारागीर स्क्रू आवळत गेला की बेकलाइटसारखी न वाकणारी प्लेट स्क्रूच्या भोकापासून तडके. यावर दोन बाजूंनी उपाय झाले. स्विचच्या पट्टीला वर-खाली रुंद कान देण्यात आले, जे गिलाव्यावर टेकून पट्टीला भिंतीच्या पातळीत धरतात, आणि प्लेटसाठी नायलॉनसारखे लवचिक प्लास्टिक वापरात आले. अमेरिकी वीजसंहितेने डबा किती आत असावा यालाच मर्यादा घातली : लाकडासारख्या ज्वलनशील भिंतीत डब्याची कड पृष्ठभागाशी समतल हवी, आणि ज्वलनशील नसलेल्या भिंतीत ती पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरपेक्षा, जास्त आत नको. प्लेट भिंतीला नीट चिकटून बसावी ही अपेक्षा सौंदर्याची वाटते, पण भिंतीच्या पोकळीतील लाकूड आणि डब्यातील ठिणगी यांच्यामध्ये फट राहू नये हे तिच्यामागील कारण आहे. प्लेट धातूची असेल तर तिचे स्क्रू आणखी एक काम करतात : ते तिला स्विचच्या पट्टीशी आणि पट्टीमार्गे अर्थिंगशी जोडतात. म्हणून तेथे स्क्रू काढून टाकण्याची सुधारणा करताना अर्थिंगची वाट तुटणार नाही, हे आधी पाहावे लागते.

१९७३ मध्ये लेव्हिटन कंपनीने डेकोरा ही रुंद, चौकोनी स्विचची मालिका आणली आणि प्लेटचे स्क्रू स्विचच्या वर-खाली, ९६.८ मिलिमीटर अंतरावर गेले. पुढे या चौकोनी खिडकीच्या प्लेटमध्ये स्क्रू अजिबात न दिसणारी दुपदरी रचना आली : आतली पट्टी स्क्रूंनी बसते आणि बाहेरची प्लेट तिच्यावर दाबून अडकवली जाते.

ब्रिटनने वेगळी वाट धरली आणि ती फारशी बदलली नाही. तेथे प्लेट आणि स्विच एकच वस्तू असते आणि दोन स्क्रू तिला थेट डब्याच्या कानांना जोडतात. डब्याचा एक कान सरकता ठेवल्याने तिरका बसलेला डबाही पदरात घेता येतो. मेट्रिक मापे आली तेव्हा ४बीए स्क्रूची जागा एम ३.५ ने घेतली, पण ६०.३ मिलिमीटरचे अंतर तसेच राहिले. ही रचना मजबूत आणि स्वस्त आहे. मात्र प्लेट बदलायची म्हणजे स्विचच बदलायचा, आणि रंगकामासाठी प्लेट पुढे ओढली की तारांची टोकेही तिच्याबरोबर बाहेर येतात. जर्मनीतील पद्धतीत गोल डब्यात पंजे फाकवून किंवा स्क्रूंनी स्विच बसतो आणि बाहेरची चौकट स्विचचा पृष्ठभाग व आधारकडे यांच्यामध्ये दाबून धरली जाते.

भारतात, आणि महाराष्ट्रातल्या घरांत विशेषतः, सर्वांत दीर्घकाळ टिकलेली रचना लाकडी बोर्डाची होती. सागवानी किंवा साध्या लाकडाची पेटी, तिच्यावर सनमायका किंवा हायलमची, म्हणजे राळेत भिजवलेल्या कागदाच्या थरांची, कडक शीट आणि शीटच्या चार कोपऱ्यांत पितळी कप वॉशरसह चार स्क्रू, असे तिचे रूप असे. शीटला चौकोनी खिडक्या कापून पियानो स्विच मागून बसवत आणि प्रत्येकाला समोरून दोन बारीक स्क्रूंनी धरत. येथे शीट हेच झाकण होते आणि तीच सगळ्या स्विचांना, सॉकेटला आणि पंख्याच्या रेग्युलेटरला पेलणारी बैठकही होती. एक स्विच दाबला की त्याचा धक्का चारही कोपऱ्यांच्या स्क्रूंपर्यंत पोहोचे. सॉकेटमधून इस्त्रीचा घट्ट प्लग ओढला की संपूर्ण शीट पुढे येऊ पाही. एकच स्विच बदलायचा असला तरी चारही स्क्रू काढून पूर्ण शीट उलटी करावी लागे, आणि त्या क्षणी बोर्डावरचे प्रत्येक टर्मिनल उघडे पडे.

दर दुरुस्तीला लाकडातील भोक थोडे मोठे होई. मग वायरमन त्यात काडेपेटीतील काडी घालून स्क्रू आवळत असे. त्यानंतर जास्त लांबीचा स्क्रू येई, आणि शेवटी तोही फिरू लागला की शीट एका कोपऱ्यात कायमची सुटलेली राही. कोकणातल्या दमट हवेत लोखंडी स्क्रू गंजून अडकत, त्यांच्या खाचा झिजत, आणि बोर्ड उघडण्यासाठी शीटच फोडावी लागे. पितळी स्क्रूंचा आग्रह धरणारे जुने वायरमन याच कारणाने तो धरत. या रचनेचा मोठा गुण असा की तिच्यात कोणत्याही कंपनीचा स्विच बसे, खिडकी गरजेप्रमाणे कापता येई आणि साहित्य तालुक्याच्या बाजारात मिळे. तिचा दोष कारागिराच्या हलगर्जीपणाचा नव्हता. झाकणावर आधाराचे काम लादले गेले होते, हा तो दोष होता.

यावरचे उत्तर इटलीत आकाराला आले होते. बीटिचिनो कंपनीने १९६१ मध्ये मॅजिक ही मालिका आणली, तिच्यात स्विच व सॉकेट हे ठरावीक मापाचे सुटे घटक होते आणि ते डब्याला जोडलेल्या एका सामाईक आधारचौकटीत बसत. भारतात १९९० च्या दशकापासून जे मॉड्यूलर स्विच पसरले ते याच तत्त्वावर उभे आहेत. भिंतीत धातूचा किंवा प्लास्टिकचा डबा असतो, डब्याला स्क्रूंनी जोडलेल्या फ्रेममध्ये स्विच खटकन अडकतात, आणि फ्रेमवर केवळ दाबून बसवलेली प्लेट असते. प्लेट काढली तरी टर्मिनल फ्रेमच्या मागेच राहतात, म्हणून रंगारी किंवा गृहिणी ती पुसण्यासाठी काढू शकते. बोर्डाच्या काळात हे अशक्य होते. प्लेट आता कोणतेही वजन पेलत नाही आणि दाबण्याचा कोणताही जोर घेत नाही.

मात्र स्क्रू गेल्याने पकडीची संपूर्ण जबाबदारी प्लास्टिकच्या लहान हुकांवर आली. हुक दाबताना वाकतो, कडेवरून पलीकडे जातो आणि पूर्ववत होऊन अडकतो. हे वाकणे त्या पदार्थाच्या लवचिकतेच्या मर्यादेत राहिले तरच तो पुन्हा पुन्हा काम करतो. हुक आखूड आणि जाड केला तर एकदोनदा काढताच तुटतो, लांब आणि पातळ केला तर प्लेट स्वतःहून सुटते. आयईसी ६०६६९-१ या घरगुती स्विचांच्या आंतरराष्ट्रीय मानकाने हा तोल आकड्यांत बांधला आहे : जिच्या सुटण्याने वीज वाहणारे भाग उघडे पडू शकतात अशी स्क्रूविरहित प्लेट साधारणपणे ४० न्यूटन, म्हणजे सुमारे चार किलो वजनाइतक्या ओढीने सुटता कामा नये, आणि १२० न्यूटनपर्यंतच्या ओढीने निघाली मात्र पाहिजे. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण न निघणारी प्लेट माणूस चाकूने उचकटतो आणि चाकू आत कोठे जाईल याचा भरवसा नसतो. म्हणूनच चांगल्या प्लेटच्या खालच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हरचे पाते टेकवण्यासाठी खाच ठेवलेली असते.

पदार्थाच्या निवडीनेही या हुकांचे आयुष्य ठरते. पॉलिकार्बोनेट आघात चांगला सोसते आणि ज्वालारोधक रूपात मिळते, परंतु ताणाखाली असताना थिनरसारख्या द्रावकाचा स्पर्श झाला तर त्याला बारीक भेगा पडतात. आणि रंगकाम झाल्यावर प्लेटवरचे डाग थिनरने पुसण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे. वाकवून अडकवलेला हुक नेमका त्या ताणाखाली असतो.

सर्वांत चिवट अडचण मात्र प्लेटच्या बाहेरची आहे. डबा गिलाव्याच्या आधी बसतो आणि गिलावा किती जाड येईल हे त्या वेळी कोणालाच नेमके सांगता येत नाही; डबा खोल गेला की लांब स्क्रू लावून फ्रेम आत ओढली जाते, फ्रेम मध्ये वाकते, स्विच अडकू लागतात आणि प्लेटची एक बाजू वर राहते. फ्रेमला मागून कणे देणे, तिची भोके लांबट ठेवणे आणि काही मालिकांमध्ये प्लेटचे हुक एकाऐवजी अनेक पायऱ्यांचे करणे, जेणेकरून प्लेट भिंत जेथे असेल तेथे टेकून थांबेल, हे यावरचे उपाय आहेत. शेवटचा उपाय सर्वांत समंजस म्हणावा लागेल, कारण तो भिंत वाकडी असणार हे गृहीत धरतो.

भारतात स्विचसाठी आयएस ३८५४ आणि डब्यांसाठी आयएस ५१३३ ही मानके आहेत, पण फ्रेम आणि प्लेट यांच्यातील सांधा प्रत्येक कंपनीचा, आणि अनेकदा एकाच कंपनीच्या प्रत्येक मालिकेचा, वेगळा आहे. मालिका बंद झाली आणि प्लेटचा एक हुक तुटला की ग्राहकाला ती प्लेट कोठेच मिळत नाही, आणि चालू स्थितीतील स्विचांसह संपूर्ण संच काढून टाकावा लागतो. दोन स्क्रूंमधील अंतर आणि स्क्रूचे माप सर्वांसाठी एकच ठेवून अमेरिकेने व ब्रिटनने जे साधले, ते हुकांच्या जोडणीतही साधता येईल : हुकांची जागा, त्यांची खोली आणि फ्रेमवरील कडेचे माप एवढे सामाईक करून रंग, आकार व साहित्य कंपन्यांकडे सोडता येते. तोपर्यंत रचनाकाराच्या हाती असलेली एक निवड तरी नीट व्हायला हवी, ती म्हणजे वाकणारा हुक कोठे असावा. तो फ्रेमवर असला तर तुटल्यावर स्विच, तारा आणि स्क्रू यांसह सारे उतरवावे लागते. प्लेटवर असला तर घरातील कोणीही, मुख्य स्विच बंद करून, मिनिटभरात नवी प्लेट दाबून बसवू शकते.