उजेडाची रंगभूषा

रोहण्याला ताईकडे गेले तो भाचीचे एकच टुमणे: शाळेच्या संमेलनात जुन्या काळची नटी व्हायचे! नमुना ठरला लीला चिटणीसांचा. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय तारका.

हॉलिवूडची तऱ्हा सोपी: बारीक कमानदार भुवया, गडद ओठ, केसांची लाट. पण पोर म्हणाली, “मावशी, आधी मला गोरी कर.” पावडरीने तिचा सावळा चेहरा राखेसारखा दिसू लागला.

मी तो धुऊन टाकला. तिच्याच वर्णाचा हलका हात, पापण्यांवर व्हॅसलीनचे बोट, आणि दिवा समोर, कपाळाहून उंच. कृष्णधवल चित्रांची खरी किमया तीच! फोटो काढून दाखवला.

“ही मी?”

“तूच. सावळीच!”