रस नको, फोडी खा

दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं पानिपतच्या काला आंब या युद्धस्मारकाला वंदन करायला जातात. तो पेरूचा आणि किन्नूचा हंगाम. किन्नू म्हणजे उत्तरेतलं संत्र्याच्या कुळातलं फळ. त्यांतली मधुमेह असलेली मंडळी अनेकदा गोड म्हणून पेरू नाकारतात आणि किन्नूच्या रसाचा पेला मात्र ‘फळच तर आहे’ म्हणत रिकामा करतात. हे अगदी उलटं झालं.

पेलाभर रसाला तीन-चार फळं लागतात. चोथा गाळणीत राहतो, साखर झटकन रक्तात उतरते. चावून खाल्लेल्या फळात तीच साखर पेशींच्या भिंतीआड असते, सावकाश सुटते. २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या हार्वर्डच्या अभ्यासात ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद अख्खी खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी आढळला, रस पिणाऱ्यांत जास्त.

पेरूचं मला विशेष कौतुक आहे. त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५ ग्रॅम तंतू असतात. त्यातलं पेक्टिन आतड्यात पित्ताम्लांना धरून शरीराबाहेर नेतं. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. परिणाम माफकच, कोलेस्टेरॉलच्या गोळीची जागा पेरू घेत नाही.

आंबाही वर्ज्य नाही. पण भरल्या पोटी वाटीभर आमरस नको. एक पोळी कमी करून दोन फोडी घ्या. आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूटबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं, कारण सिमव्हास्टॅटिनसारख्या औषधाचं रक्तातलं प्रमाण त्यामुळे धोकादायकरीत्या वाढू शकतं.