दुखणे शरीराचे, रजा पुस्तकाला का?

दुपारची कामे आटोपली की मासिक घेऊन लवंडायचे, ही सासूबाईंची वर्षानुवर्षांची सवय. मग एके दिवशी मासिक उशाशी तसेच राहते. कुणी विचारलेच तर उत्तर मिळते, "आता मन लागत नाही." घरचेही 'वय झाले' म्हणून गप्प बसतात. खरे कारण पुष्कळदा निराळे असते. अक्षर पुसट दिसते, पुस्तक धरून मनगट भरून येते किंवा मान अवघडते. वाचनाची गोडी गेलेली नसते. थोडी सोय केली तर ती पुन्हा भागवता येते.

आधी डोळे तपासा

चाळिशीनंतर चष्मा लागतो आणि नंतरही नंबर बदलत राहतो. जुनाच चष्मा रेटत राहिल्याने डोके दुखते आणि दोष पुस्तकाला दिला जातो. मधुमेहात साखर वरखाली होत असेल तर नंबरही हलतो. म्हणून साखर आटोक्यात आल्यावरच नवा चष्मा करावा आणि डोळ्यांचा पडदा दरवर्षी तपासून घ्यावा. सरळ ओळ वाकडी दिसू लागली किंवा मधलाच शब्द पुसट झाला, तर मात्र लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. पडद्याच्या आजारात उशीर महागात पडतो.

उतारवयात डोळ्यांना प्रकाशही जास्त लागतो. छताचा दिवा पाठीमागे असेल तर पानावर आपलीच सावली पडते. टेबलावरचा दिवा बाजूने, खांद्यावरून पुस्तकावर येईल असा ठेवावा.

हातांना विश्रांती

सांधेदुखीत जाड कादंबरी हातात धरू नये. पोथी ठेवायचे घडीचे लाकडी स्टँड घरात असतेच. ते टेबलावर ठेवले की हात मोकळे होतात आणि मानही फारशी वाकत नाही. आवडता जाडजूड ग्रंथ बाइंडरकडून दोन भागांत बांधून घेता येतो. मोठ्या आजारातून उठल्यावर चित्त फार वेळ ठरत नाही. तेव्हा कादंबरीऐवजी कथा किंवा ललित लेख घ्यावा. दिवाळी अंक तर त्यासाठीच उशाशी असावा. पंधरा मिनिटे वाचून खूण घालून ठेवले तरी चालते.

कानांनीही वाचा

मोबाइलवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि मराठी पुस्तके ऐकताही येतात. ज्यांना छापील पुस्तक वाचताच येत नाही, त्यांच्या बाजूला कायदाही आहे. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा वाचकांसाठी पुस्तकाची सोयीची प्रत काढण्याची मुभा मिळाली. 2013 च्या माराकेश कराराला 2014 साली सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. या करारात अंधांबरोबरच, शारीरिक अपंगत्वामुळे पुस्तक हातात धरू न शकणारेही येतात. 2016 साली सुरू झालेले 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय अशाच वाचकांसाठी आहे.

घरातल्या कुणी रोज चार पाने मोठ्याने वाचून दाखवली तर उत्तमच. फक्त पुस्तक कोणते, हे आधी त्यांना विचारावे. आजारी माणसाला दरवेळी पोथीच हवी असते असे नाही. सासूबाईंचा जीव कदाचित अर्धवट राहिलेल्या रहस्यकथेत अडकलेला असेल!