रेजाच्या हाताला खरूज नव्हती

धान कापून, चुरून घरात आला की धानोऱ्यात आणि मुरूमगावच्या रस्त्याने आतल्या गावांत घरकुलांची कामं निघतात. मिस्त्री एक, आणि त्याच्या हाताखाली आपण तिघी-चौघी. कुणी रेती चाळते, कुणी माल कालवते, कुणी घमेलं वाहते. त्या मालात असलेल्या, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या एका वस्तूबद्दल आज बोलायचं आहे.

आमच्या गटातल्या एका बाईने आठ वर्षं रेजाचं काम केलं. हाताला कधी काही झालं नाही. मग एका हंगामात बोटांच्या बेचक्यात खाज सुटली, बारीक पाण्याचे फोड आले, पुढे भेगा पडून रक्त यायला लागलं. घरच्यांनी खरूज म्हटलं आणि तिचं ताट वेगळं केलं. गटाच्या बैठकीत तिने चहा केला तर दोघींनी कप तसेच खाली ठेवले. सांगायला लाज वाटते, पण त्या दोघी आमच्यातल्याच होत्या.

खरजेचं मलम लावून फरक पडला नाही. काम बंद असलं की हात सुधारायचे, कामावर गेली की दोन दिवसांत पुन्हा तेच. खरी खूण तिथेच होती, आमच्या ध्यानात आली नाही. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीवर वेगवेगळ्या औषधांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढून पाहिल्या. एका पट्टीखालची कातडी लाल होऊन सुजली होती. ती पट्टी क्रोमियमची होती.

क्रोमियम हा लोखंडासारखाच एक धातू. त्याची दोन रूपं आपल्या कामाची आहेत. एकाला क्रोमियम तीन म्हणतात, ते फारसं त्रास देत नाही. दुसरं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियम सहा. ते पाण्यात विरघळतं आणि कातडीतून आत शिरतं. सिमेंटमध्ये ते कुणी मुद्दाम घालत नाही. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, घुग्घुसकडे सिमेंटचे कारखाने आहेत. चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे १४५० अंशांवर भाजून सिमेंट बनतं. त्या दगडमातीत मुळातच थोडं क्रोमियम असतं आणि भट्टीच्या आचेत त्यातलं काही क्रोमियम सहा होतं. कोणत्याही देशातल्या, कोणत्याही कंपनीच्या सिमेंटची हीच गोष्ट आहे.

आता ओलं सिमेंट दोन तऱ्हांनी त्रास देतं, आणि या दोन्हींची गल्लत होते. पहिला त्रास चुन्यासारखा पोळण्याचा. माल कालवताना तो लगेच कळतही नाही. ओल्या मालात गुडघे टेकून बसलं, किंवा बुटात माल शिरला, की संध्याकाळी कातडी सोललेली दिसते. हे कुणालाही होतं आणि जखम भरली की संपतं. दुसरा त्रास ॲलर्जीचा. पोळलेल्या, भेगाळलेल्या कातडीतून क्रोमियम थोडं थोडं आत जात राहतं, आणि महिन्यांनी म्हणा, वर्षांनी म्हणा, एक दिवस शरीर त्याला शत्रू मानायला लागतं. म्हणून "मी दहा वर्षं काम करते, मला काही होत नाही" या बोलण्यात काही दम नाही. एकदा ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते, आणि मग अगदी थोडं सिमेंटही पुरतं. काहींना तर कातडी चपलेनेही पाय खाजतात, कारण चामडं कमवायला क्रोमियम वापरतात. आमच्या त्या मैत्रिणीची रोजी गेली ती अशी. मात्र हा आजार एकीचा दुसरीला लागत नाही. तिच्या हातचं खायला, तिचं लेकरू घ्यायला काहीही हरकत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. सिमेंटमध्ये थोडं हिराकस मिसळलं तर क्रोमियम सहाचं क्रोमियम तीन होतं. हिराकस म्हणजे तेच, जे हिरड्याच्या पाण्यात टाकलं की काळी शाई होते. डेन्मार्क देशात १९८१ पासून हे सुरू झालं आणि तिथल्या सिमेंट कामगारांमधली ॲलर्जी बरीच कमी झाली. जानेवारी २००५ पासून युरोपच्या संघातल्या देशांत किलोमागे २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त विरघळणारं क्रोमियम सहा असलेलं सिमेंट हाताने करायच्या कामासाठी विकता येत नाही. आपल्याकडच्या गोणीवर असं काही लिहिलेलं आम्हाला दिसलं नाही. तेव्हा प्रत्येक गोणीत ते आहे असंच धरायचं. आणि हिराकस घरी आणून मालात टाकायचं नाही हं, ते माप कारखान्यातच जमतं.

आपल्या हातात आहे ते पाणी. कामावर एक बादली फक्त माणसांसाठी ठेवायची. थापी-फावडं धुतलेल्या टाकीत हात धुतले तर सिमेंटचंच पाणी अंगाला लागतं. जेवणाआधी, लेकराला पाजण्याआधी आणि सुट्टी झाल्यावर तांब्याने ओतून साबणाने धुवायचं. अंगठी काढून ठेवायची, बांगड्या वर सरकवून खालची जागा धुवायची, जोडव्यांखालचीही. नंतर हात कोरडे करून तेल लावायचं. रॉकेलने हात साफ करू नका, कातडी आणखी फाटते. मालाने भिजलेला पदर किंवा निऱ्या अंगावर वाळू देऊ नका.

हातमोजे रबराचे आणि मनगटाच्या वर जाणारे हवेत. कापडी मोजे माल पिऊन घेतात आणि दिवसभर हाताला धरून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात बरा. मोजा घालण्याआधी हात स्वच्छ हवा. रबरी जोडीला एका दिवसाच्या रोजीहून कमी पैसे लागतात, पण ते आपण का द्यायचे? काम देणाऱ्याकडे मागा, चौघींनी मिळून मागा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल आणि वय १८ ते ६० असेल, तर महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतात. रेजाही कामगारच आहे. नोंदणी फक्त मिस्त्रीची, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

डोळ्यात सिमेंट गेलं तर चोळायचं नाही. पापण्या उघड्या धरून १५-२० मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहायचं आणि तसंच ग्रामीण रुग्णालय गाठायचं. हाताला खाज-फोड असतील तर दुकानातून मलम आणण्याआधी डॉक्टरांना दाखवा, आणि आपण सिमेंटचं काम करतो हे आपणहून सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

ज्यांची मुलं नागपूर, हैदराबादकडे कारखान्यात गेली आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. स्टीलची वेल्डिंग आणि क्रोमचा मुलामा देण्याच्या कामात क्रोमियम सहा धुरातून, वाफेतून श्वासात जातं. त्याने नाकाचा पडदा झिजतो, फुप्फुसाचा कर्करोगही होऊ शकतो. तोंडाला नुसता रुमाल बांधून ते अडत नाही. मुलाला फोन कराल तेव्हा विचारा, तिथे धूर ओढून घेणारा पंखा आहे का.

रिकाम्या गोणीबद्दल दोघींनी विचारलं होतं. ती झटकू नका, उडणारी धूळ नाकात जाते. वाऱ्याकडे पाठ करून हळूच घडी घाला. आणि मोहफूल, चिंच, धान त्यात भरू नका, कितीही धुतली तरी. कुंपणाला बांधायला चालेल.